साक्षीदाराचे घड्याळ

हातात मावेल एवढ्या यंत्रावर घरची मुले जे खेळ खेळत बसतात त्यांविषयी या सदरात लिहावे, अशी सूचना वाचकांकडून अधूनमधून येत असते. सूचनेचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. दिवसभर गोळीबाराचे आवाज, जेवायला हाक मारली तर 'एवढा डाव संपू दे' हे ठरलेले उत्तर, आणि डोळ्यांवर ताण तो निराळाच. या तक्रारींत तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु पुस्तके जशी सर्व प्रकारची असतात तसे हे खेळही असतात. आणि आज ज्याची ओळख करून द्यावयाची आहे त्यात बंदूक नाही, शर्यत नाही, चपळ बोटांचा काही उपयोगही नाही. त्यात एक न्यायालय आहे, साक्षीचा पिंजरा आहे, पिंजऱ्यात उभा राहून खोटे बोलणारा साक्षीदार आहे; आणि ते खोटे नेमके कोठे दडले आहे हे खेळणाऱ्याने केवळ वाचून व आठवून शोधावयाचे आहे.

खेळाचे जपानी नाव 'ग्याकुतेन साइबान'. 'साइबान' म्हणजे खटल्याची सुनावणी आणि 'ग्याकुतेन' म्हणजे पारडे उलटणे. हरत आलेला खटला अखेरच्या क्षणी फिरतो, असा एकूण भावार्थ. इंग्रजीत तो 'फिनिक्स राइट : एस अटर्नी' या नावाने ओळखला जातो. ओसाका येथील कॅपकॉम कंपनीने १२ ऑक्टोबर २००१ रोजी तो जपानात प्रसिद्ध केला, तो निन्तेन्दो कंपनीच्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी. (ही निन्तेन्दो मूळची क्योतोची, १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झालेली, खेळावरून घरोघरी होणारी भांडणे तिला नवी नसावीत.) यंत्राचा पडदा जेमतेम २.९ इंचांचा. खेळाचे लेखक व दिग्दर्शक शू ताकुमी यांना वरिष्ठांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती आणि त्या मुदतीत हवा तो खेळ करण्याची मोकळीकही. चमू अवघ्या सात जणांचा. माणसे इतकी थोडी, की नायकाची 'आक्षेप!' ही प्रसिद्ध आरोळी जपानी आवृत्तीत खुद्द ताकुमी यांच्याच आवाजात ऐकू येते, आणि सरकारी वकिलाची आरोळी पात्रांची चित्रे काढणाऱ्या कलावंताच्या आवाजात.

कल्पनेचे बीज मात्र बरेच जुने आहे. एदोगावा राम्पो हे जपानी रहस्यकथेतले आद्य नाव. हे टोपणनाव आहे. 'एडगर अ‍ॅलन पो' हे शब्द जपानी उच्चारात घोळवून पाहावेत, म्हणजे ते कोठून आले हे ध्यानी येते. राम्पोंची १९२५ सालची एक कथा आहे, 'मानसशास्त्रीय परीक्षा' अशा अर्थाच्या नावाची. तीत अत्यंत हुशार गुन्हेगार सापडतो तो बोटांच्या ठशांमुळे नव्हे, तर स्वतः दिलेल्या उत्तरांमुळे. खोटे बोलणाऱ्याला त्याच्याच शब्दांत पकडावयाचे, ही जी त्या कथेतली गंमत, तीच ताकुमी यांनी खेळणाऱ्याच्या हाती दिली.

ती कशी दिली हे पहिल्या खटल्यावरून सांगतो. या खटल्यातला खुनी खेळाच्या आरंभीच दाखविलेला असतो, तेव्हा कोणाचा रसभंग होण्याचे भय नाही. (तपशील इंग्रजी आवृत्तीतले आहेत.)

फिनिक्स राइट हा नवशिका वकील. त्याचा बालमित्र लॅरी याच्यावर आपल्या प्रेयसीचा खून केल्याचा आरोप आहे. हत्यार म्हणजे एक छोटा पुतळा, हनुवटीला हात लावून विचारात बसलेल्या माणसाचा. फिर्यादी पक्षाचा साक्षीदार सांगतो : आरोपीला मी घरातून पळताना पाहिले, दार उघडे होते, आत प्रेत दिसले; तेव्हा दुपारचा १ वाजला होता. आता खेळणाऱ्याजवळ पुराव्यांची यादी असते. तीत शवविच्छेदनाचा अहवाल आहे, आणि अहवालाप्रमाणे मृत्यू दुपारी ४ नंतरचा. जबानीतले वाक्य आणि अहवाल समोरासमोर ठेवले की पडद्यावर आरोळी उमटते आणि साक्षीदाराला घाम फुटतो.

येथवर कोणीही पोचेल. खरी मौज पुढे आहे. साक्षीदार म्हणतो, 'वेळ मी दूरदर्शन संचावर ऐकली.' परंतु त्या वेळी इमारतीतली वीज गेलेली होती. मग तो म्हणतो, 'मेजावर घड्याळ होते, त्यावरून कळले.' घड्याळ कोठले? मेजावर होता तो पुतळा. पुतळा हेच घड्याळ आहे. मान कलती केली की ते वेळ बोलून दाखविते. बाहेरून पाहणाऱ्याला ते घड्याळ आहे हे समजण्याचा संभवच नाही. ज्याने ते उचलून कोणाच्या डोक्यात घातले त्यालाच त्याचा आवाज ऐकू आला असणार. झाले, पकडला! परंतु सरकारी वकील उठून म्हणतो : ठीक आहे, मग चारच्या पुढे झालेल्या खुनाच्या वेळी घड्याळाने एक कसा सांगितला? घड्याळ तीन तास मागे कसे?

आमच्या घरी हा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर सुटला. नात इंग्रजी संवाद वाचून आम्हां दोघांना मराठीत सांगत होती, आणि ती व मी यादीतले कागद उलटसुलट करीत होतो. यादीत मृत तरुणीचे पारपत्र होते. खुनाच्या आदल्याच दिवशी ती पॅरिसहून परतली होती. सौभाग्यवती विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "अगं, मग घड्याळ तिकडचंच असेल. आल्याबरोबर कोण काटे फिरवत बसतं?" ज्या घरातला मुलगा परदेशी असतो आणि ज्या घरात 'आता त्याच्याकडे किती वाजले असतील' हा हिशेब दिवसातून चार वेळा होतो, तेथल्या आईला हे कोडे अवघड नव्हते. पॅरिस आणि खटला चालला ते शहर यांच्या वेळेत ९ तासांचे अंतर; येथे दुपारचे ४, तर तेथे रात्रीचा १. घड्याळ ३ तास मागे नव्हतेच, ते ९ तास पुढे होते. साक्षीदार खरोखरीच जे ऐकले तेच सांगत होता, आणि त्याच खऱ्या वाक्याने तो फसला.

लबाड माणूस खोट्या शब्दाने सापडतो ही समजूत सर्वसाधारण आहे. पण तो पुष्कळदा सापडतो तो अनवधानाने निसटलेल्या खऱ्या शब्दाने. माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात, जबान्यांच्या नकला तयार करण्यात गेली. इकडे आमच्या न्यायालयांचा कारभार हिंदीत. महाराष्ट्रात जिला उलटतपासणी म्हणतात तिला येथे 'प्रतिपरीक्षण' म्हणतात. नाव काही असो, कागदावर ती वाचताना एक गोष्ट नेहमी जाणवे : चांगला वकील साक्षीदाराला खोटारडा म्हणत नाही. तो त्याला फक्त तपशील विचारतो. दिवा कोणत्या बाजूला होता? तुम्ही कोठे उभे होता? मग पोलिसांपुढे दिलेल्या जबाबात हे का आले नाही? आधीच्या लेखी जबाबाशी साक्ष ताडून पाहण्याची ही रीत १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. खेळातली युक्ती हीच. साक्षीदाराचे एकेक वाक्य पडद्यावर येते; त्या वाक्यावर त्याला हटकावे, किंवा यादीतला पुरावा त्याच्या तोंडासमोर धरावा. भलताच पुरावा धरला तर शिक्षा. पहिल्या भागात पाच चुका झाल्या की अशील दोषी ठरतो.

एका बाबतीत मात्र खेळ फार उदार आहे. त्यात साक्षीदाराला कितीही हटकले तरी सहसा काही बिघडत नाही. उलट नवी माहिती मिळते. खऱ्या न्यायालयात ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये, असे जुने वकील शिकाऊ मंडळींना बजावीत. एका जास्तीच्या प्रश्नाने उभा खटला आडवा झालेला मी कागदांवर वाचला आहे. ही भीती खेळात नाही. ती असती तर खेळ अधिक चांगला झाला असता की मुलांनी तो टाकून दिला असता, हे सांगणे कठीण.

बाकी न्यायालय म्हणून पाहिले तर हा सारा तमाशाच आहे. न्यायाधीश महाराज भोळे. जो शेवटी बोलेल त्याचे त्यांना पटते. दुसऱ्या भागातली सरकारी वकील बाई हातात चाबूक घेऊन येते आणि तो न्यायाधीशांवरही चालविते. एका खटल्यात साक्षीदार म्हणून पोपट उभा केला जातो आणि त्याची उलटतपासणी होते. नायकाची सहायक माया ही परलोकविद्या जाणणाऱ्या घराण्यातली. मृत बहीण तिच्या अंगात येऊन वकिलाला सल्ला देते. अंगात येणे आपल्याला नवे नाही. परंतु अंगात आलेल्या व्यक्तीकडून कायद्याचा सल्ला मिळतो हे मात्र नवे. कोणताही खटला तीन दिवसांच्या आत संपलाच पाहिजे, असा या जगातला नियम. तारखांवर तारखा पाहिलेल्या माणसाला तो वाचून हसावे की हळहळावे हे समजत नाही.

या तमाशात एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि मला हा खेळ खेळता खेळता थांबून विचार करावयास लावला तो तिनेच. या न्यायालयात संशयाचा फायदा कधीही मिळत नाही.

आपल्याकडे फौजदारी खटल्यात सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. साक्षीदार डळमळला, पुराव्याची साखळी तुटली, तर बचावाच्या वकिलाला आणखी काही करावयाचे उरत नाही. खून कोणी केला हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे. फिनिक्स राइटला हे पुरत नाही. त्याने साक्षीदाराचे खोटे उघडे पाडले तरी सरकारी वकील विचारतो, 'मग खून केला कोणी?' आणि न्यायाधीश मान डोलावून त्याच्याकडे पाहतात. अशील सुटावयाचा असेल तर खरा खुनी त्याच दालनात, त्याच दिवशी, सर्वांसमक्ष पकडून दिला पाहिजे. पेरी मेसनची पुस्तके रेल्वे स्थानकावर विकत घेऊन प्रवासात वाचणाऱ्या पिढीला हे ओळखीचे वाटेल. अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचा तो वकीलही १९३३ पासून हेच करीत आला. परंतु मेसनच्या बाबतीत ती कथेची चतुराई वाटते. येथे ती गरज वाटते, कारण हा खेळ ज्या देशात जन्मला तेथील न्यायव्यवस्थेची सावली त्यावर पडलेली आहे.

जपानात न्यायालयापुढे आलेल्या फौजदारी प्रकरणांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी दोषी ठरतो. या आकड्याचा एक सरळ अर्थही आहे, तो न्यायाने सांगितला पाहिजे : तेथील सरकारी वकील पक्का पुरावा असल्याखेरीज खटलाच भरीत नाहीत. परंतु दुसरी बाजूही आहे. अटकेपासून आरोपपत्रापर्यंत माणसाला २३ दिवस कोठडीत ठेवता येते, आणि चौकशीच्या खोलीत वकिलाला शेजारी बसविण्याचा हक्क त्याला नाही. खटला सुरू होतो तेव्हा बहुधा कबुलीजबाब कागदावर आलेला असतो. सामान्य नागरिकांचा न्यायदानात सहभाग असावा असा प्रयोग जपानने पूर्वी केला होता. १९२८ पासून तेथे ज्यूरी होती, १९४३ साली युद्धकाळात ती स्थगित झाली. त्यानंतर २१ मे २००९ पासून गंभीर गुन्ह्यांसाठी सहा नागरिक आणि तीन न्यायाधीश मिळून निर्णय देण्याची पद्धत सुरू झाली. ताकुमी यांनी २००७ सालच्या चौथ्या भागात नागरिकांनी निर्णय द्यावयाचा खटला घातला तो याच चर्चेच्या दिवसांत.

पेरी मेसनच्या कर्त्याला कल्पित निरपराध्यांची सुटका करून समाधान झाले नव्हते. १९४८ पासून गार्डनर यांनी 'अखेरचे न्यायालय' अशा अर्थाच्या नावाने एका अमेरिकी मासिकात खऱ्याखुऱ्या, चुकीने शिक्षा झालेल्या कैद्यांची प्रकरणे तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापावयास आरंभ केला. जपानी खेळाचे असे जोडप्रकरण कोणी छापले नाही. परंतु खेळाच्या रीतीने वाचता येईल असे एक प्रकरण तेथे प्रत्यक्ष घडून गेले आहे, आणि ते कोणत्याही खेळापेक्षा लांबले.

३० जून १९६६ च्या पहाटे शिझुओका प्रांतातील शिमिझू येथे मिसो तयार करणाऱ्या कंपनीच्या एका संचालकाच्या घरास आग लागली, आणि आत तो, त्याची पत्नी व दोन मुले यांची भोसकलेली प्रेते सापडली. (मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला, टाक्यांत महिनोन्महिने मुरविलेला गोळा, जपानी कालवणाचा तो प्राण.) १८ ऑगस्टला त्या कंपनीतला एक कामगार, पूर्वीचा मुष्टियोद्धा इवाओ हाकामादा याला अटक झाली. रोज तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतर ६ सप्टेंबरला त्याने कबुली दिली. न्यायालयात त्याने ती मागे घेतली.

कबुलीप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी त्याच्या अंगात रात्री निजावयाचे कपडे होते. खटला त्या कपड्यांच्या आधारे चालू असता, ३१ ऑगस्ट १९६७ रोजी, म्हणजे खुनानंतर १४ महिन्यांनी, कारखान्यातल्या मिसोच्या टाकीत रक्ताने माखलेले पाच कपडे सापडले. फिर्यादी पक्षाने आपले म्हणणे बदलले : खुन्याने घातले होते ते हे. १९६८ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. अपिलाच्या वेळी त्याला त्यातली विजार घालून दाखविण्यास सांगितले. ती मांड्यांच्या वर चढेना. फिर्यादी पक्षाचे उत्तर असे, की विजारीच्या चिठ्ठीवर 'बी' हे अक्षर आहे, ते मोठ्या मापाचे आहे; मिसोत मुरून कापड आटले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

खेळणाऱ्या माणसाला येथे यंत्रावरील कळ दाबावीशी वाटेल. कबुलीतले कपडे निराळे आणि पुराव्यातले निराळे. विजार अंगात शिरत नाही. पुढे जे कागद बाहेर आले त्यांतून असे निघाले, की 'बी' हे अक्षर मापाचे नव्हतेच, ते रंगाचे होते; आणि विजार तयार करणाऱ्यांनी तसे पूर्वीच सांगितलेले होते. कपड्यांची रंगीत छायाचित्रेही अनेक वर्षांनी बचाव पक्षाच्या हाती आली. त्यांत रक्ताचे डाग लाल दिसत होते. मिसोत वर्षभर मुरलेले रक्त लाल राहील काय? बचावाच्या बाजूने लोकांनी कापडाला रक्त लावून ते मिसोत पुरून पाहिले. डाग काळपट झाले. हा प्रयोग करावयास प्रयोगशाळेचीसुद्धा गरज नव्हती. लोणच्याच्या बरणीत वर्षभर राहिलेल्या फडक्याचा रंग काय होतो हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

मार्च २०१४ मध्ये फेरसुनावणीचा आदेश होऊन हाकामादा तुरुंगाबाहेर आले. तो आदेश पुढे वरच्या न्यायालयात फिरला, पुन्हा उलट फिरला, आणि अखेर २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओका जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. ते पाच कपडे तपास करणाऱ्यांनीच बनावट पुरावा म्हणून तयार केले असा निष्कर्ष न्यायालयाने स्पष्ट शब्दांत काढला. हाकामादा त्या वेळी ८८ वर्षांचे होते. देहान्त शिक्षेच्या छायेत घालविलेल्या दशकांनी त्यांचे मन इतके थकले होते, की सुनावणीला त्यांना हजर राहावे लागू नये अशी सवलत न्यायालयाने दिली होती. निकाल ऐकण्यास त्यांची बहीण हिदेको उभी होती. तिचे वय ९१.

या प्रकरणात खरा खुनी कोण हे आजतागायत कोणी दाखविलेले नाही, आणि निर्दोष ठरविण्यास ते आवश्यकही नव्हते. फिनिक्स राइटच्या न्यायालयात मात्र हाकामादा सुटले नसते. तेथील न्यायाधीशांनी विचारले असते, 'मग खून केला कोणी?' खेळाच्या या नियमाला मी कथेची सोय समजत होतो, परंतु हे प्रकरण वाचल्यानंतर त्या नियमाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जेथे आरोपी सुटणे हीच अघटित घटना वाटते, तेथे कथेतल्या वकिलालाही केवळ शंका उपस्थित करून भागत नाही. त्याला चमत्कार करावा लागतो. पहिल्या भागातला एक जुना खून तर १५ वर्षांची कायदेशीर मुदत संपण्यास एक दिवस उरला असताना उभा राहतो. २००१ साली जपानात खुनालाही १५ वर्षांची मुदत होती. २००५ पासून ती २५ वर्षे झाली आणि २०१० साली अजिबात उठली. इंग्रजी आवृत्तीत हे सारे कथानक अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये हलविले आहे, आणि कॅलिफोर्नियात खुनाला अशी मुदत मुळीच नाही! स्थलांतर करणाऱ्या कथेबरोबर मूळ गावचा कायदाही सामानातून गेला, तो असा.

स्थलांतराच्या अशा खुणा शोधणे हाही आमच्या घरचा एक खेळ झाला. मूळ जपानी नायकाचे आडनाव 'नारुहोदो', म्हणजे बोलण्याच्या ओघात आपण म्हणतो ते 'अस्सं होय!' इंग्रजीत तो राइट झाला, म्हणजे नावातच 'बरोबर' आले. जपानी मायाला मिसो घातलेले शेवयांचे कालवण प्रिय. अमेरिकेत गेल्यावर ती हॅम्बर्गर मागू लागली. परंतु तिच्या गावातली देवळे, तिचा झगा, गळ्यातले मणी जपानीच राहिले. चार पिढ्या परप्रांतात राहिलेल्या कुटुंबांना, जेवणात काय बदलते आणि देवघरात काय टिकते, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिल्या भागाचा गाभा, माझ्या मते, कोणत्याही खुनात नाही. तो शाळेतल्या एका वर्गात आहे. फिनिक्स चौथीत असताना एका मुलाचे जेवणाचे ३८ डॉलर चोरीस जातात. व्यायामाच्या तासाला आजारी म्हणून फिनिक्स एकटाच गैरहजर होता. तेव्हा चोर तोच, असे वर्गाने ठरविले. वर्गातच खटला भरला. बाईंनीही 'क्षमा माग' म्हणून सांगितले. बाल-न्यायालय हे प्रकरण किती निर्दय होऊ शकते हे तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगावयास नको. तेथे तर मोठी माणसेच गंमत म्हणून खटला खेळत होती. फिनिक्स रडत क्षमा मागावयास उभा राहतो, तोच एक मुलगा उठून विचारतो : त्याने पैसे घेताना कोणी पाहिले काय? पुरावा आहे काय? नसेल तर त्याने क्षमा का मागावी? विचारणारा मुलगा तोच, ज्याचे पैसे गेले होते. पुढे मोठेपणी हाच मुलगा निष्ठुर सरकारी वकील होतो, आणि फिनिक्स वकील होतो तो केवळ त्याला पुन्हा भेटता यावे, तो असा का झाला हे विचारता यावे, म्हणून. पैसे कोणी घेतले होते हे मी सांगणार नाही. त्या एका वर्गातल्या प्रसंगाला शंभर तासांच्या कोणत्याही लढाईच्या खेळाहून अधिक वजन आहे, असे मला वाटते. नातीचे मत वेगळे आहे, तिला पोपट अधिक आवडला.

ज्यांना घरी हा खेळ आणावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. २००५ साली 'निन्तेन्दो डीएस' या दोन पडद्यांच्या यंत्रासाठी पहिल्या भागाची नवी आवृत्ती निघाली, आणि मूळच्या चार खटल्यांत पाचव्याची भर पडली. त्या यंत्राला ध्वनिग्राहक असल्यामुळे मुले खरोखरच त्यात तोंड घालून 'आक्षेप!' म्हणून ओरडत. ती यंत्रे आता निघत नाहीत. २०१९ पासून पहिले तीन भाग एकत्र, 'स्विच' या यंत्रावर व अन्यत्रही मिळतात. आरंभ पहिल्यापासूनच करावा, कारण पात्रे पुढे पुढे जातात. पाचवा खटला लांबलचक आहे, एका बैठकीत संपत नाही. मेइजी काळातल्या जपानात आणि व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये घडणारी एक निराळी जोडमालिका आहे. ती इंग्रजीत २०२१ साली आली. तीत प्रसिद्ध कादंबरीकार नात्सुमे सोसेकी लंडनमध्ये आरोपी म्हणून उभे राहतात. प्रत्यक्षात सोसेकी १९०० ते १९०२ लंडनला विद्यार्थी म्हणून होते, आणि तेथे फार दुःखी होते, एवढे खरे. खुनाची चित्रे सौम्य असली तरी विषय खुनाचाच आहे. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांनी एकट्याने खेळू नये, मोठ्यांनी शेजारी बसावे. संवाद इंग्रजीत आणि पुष्कळ आहेत, त्यामुळे घरात एकाने वाचावे व इतरांना मराठीत सांगावे, ही रीत उत्तम. वाचणाऱ्याला चटकन भाषांतर करावे लागते, आणि परीक्षेच्या भाषांतराहून ते कठीण असते, कारण ऐकणारे मध्येच हटकतात.

आमच्याकडे सर्वांत मोठा वाद झाला तो त्या आरोळीवरून. जपानी शब्द 'इगी आरी', इंग्रजी 'ऑब्जेक्शन'. नात म्हणे 'आक्षेप'. मी म्हणालो, महाराष्ट्रातल्या न्यायालयांत 'हरकत' म्हणतात, आणि आपल्या इकडच्या न्यायालयांत 'आपत्ति'. मराठी कानाला 'आपत्ति' म्हणजे संकट, तेव्हा वकिलाने उभे राहून संकटाची घोषणा करावी हे सौभाग्यवतींना पसंत पडेना. 'हरकत' म्हटले तर नातीला 'काही हरकत नाही' आठवून हसू येई. सध्या दुसऱ्या भागातला तिसरा खटला चालू आहे, सर्कशीतला, आणि पुराव्याचा कागद पुढे करताना तिघांनी तीन शब्द ओरडावेत, असे तूर्त ठरले आहे.